लाट्या सुकतील म्हणून

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मी लग्न होऊन संग्रामपूरला आले त्या आठवड्यातच सासूबाईंनी जाहीर करून टाकलं होतं. तेव्हापासून मी त्या कीर्तीला जागत आले आहे. कोणाच्या सुनेनं वरणात मीठ जास्त टाकलं, कोणी भाषणात एकच गोष्ट तीनदा सांगितली, यावर माझं मत विचारावं लागत नाही, ते आपोआप येतं. चार कथा छापून आल्यापासून तर मला वाटायला लागलं की निरीक्षणशक्ती म्हणतात ती तालुक्यात एकट्या माझ्याकडेच आहे. समोरच्याच्या नाकावरची माशी मला दिसते. तर अशा या निरीक्षणशक्तीच्या बाईला स्वतःच्या छातीत काय चाललंय ते सकाळपासून दुपारपर्यंत कळलं नाही, त्याची ही हकीकत.

मे महिना होता. आमच्याकडे घाटाखाली मे महिन्यात दोनच गोष्टी वाळतात, पापड आणि माणसं. घाटावर बुलढाण्याला लोक म्हणे संध्याकाळी फिरायला जातात. आम्ही संध्याकाळी नुसते जिवंत असतो.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पापडाच्या पाळ्या लागतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, सगळ्या बायकांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. जिची पाळी तिनं उडदाचं पीठ पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवून ठेवायचं, सकाळी तेलाचा हात लावून मुसळानं कुटायचं, मऊ आलं की वळ्या करून दोऱ्यानं लाट्या कापायच्या. एकदा लाट्या पडल्या की मग थांबणं नाही. सुकल्या की पापड कडेनं फाटतो, आणि फाटक्या कडेचा पापड कोणाच्या पानात गेला की वर्षभर त्या घराला नावं ठेवतात. हे नावं ठेवण्याचं काम गल्लीत मुख्यतः मीच करते. कोणाचाही पापड मी उजेडाकडे धरून पाहते आणि म्हणते, "यातून तुह्या नवऱ्याचं तोंड दिसलं पाह्यजे व. मले तं भिंतबी दिसून नाई राह्यली." त्या दिवशी पाळी माझी होती. म्हणजे माझ्या पापडाकडे गल्लीतल्या सगळ्या डोळ्यांचं लक्ष लागलेलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

दोन-तीन दिवसांपासून मला जिना चढताना दम लागत होता. मी त्याचा दोष जिन्याला दिला. मिस्त्रीनं पायऱ्या उंच ठेवल्यात असं मी आमच्या यांना ऐकवलंही. "घर बांधून जमाना झाला, आता उंच झाल्या काय पायऱ्या?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला कशातलं काही कळत नाही. त्या दिवशी सकाळी ते बांधाच्या भांडणाच्या तारखेला बुलढाण्याला गेले, आणि मी मुसळ हातात घेतलं.

पीठ कुटता कुटताच छातीवर ओझं आलं. दुखत नव्हतं म्हणाल तर नव्हतं. कोणीतरी उडदाचं पोतं आणून छातीवर ठेवावं आणि उचलायला विसरून जावं, असं काहीतरी. मी म्हटलं, वय झालं, मुसळ जड झालं. मग बायका जमल्या, लाट्या पडल्या, आणि रीतीप्रमाणे पहिल्या लाट्या तेलात बुडवून सगळ्यांनी कच्च्याच खाल्ल्या. ही आमची चैन. पोटाला चांगली नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सगळ्या थोड्या जास्तच खातात. मी यजमानीण, मी आग्रहानं वाढल्या आणि आग्रहानं खाल्ल्या. त्यामुळं पुढं जे मळमळायला लागलं त्याचं कारण माझ्याजवळ तयार होतं.

तसं पाहिलं तर लक्षणं मला पाठ होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वर्तमानपत्रातलं कात्रण हातात धरून माईकवर मीच भाषण ठोकलं होतं. छातीवर दाब, डावा हात, जबडा, गार घाम, मळमळ, दम लागणं. "आणि भगिनींनो, बायकांमध्ये नुसता थकवासुद्धा येऊ शकतो," हे वाक्य मी अशा खालच्या आवाजात म्हटलं होतं की समोरच्या दोघीतिघी लगेच थकून गेल्या. पण त्या कात्रणात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. ती ही की ज्याला त्रास होतो त्याच्याजवळ प्रत्येक लक्षणाचं घरगुती कारण हजर असतं. डावा हात ठणकायला लागला, मी म्हटलं लाटून लाटून भरून आला. घाम सुटला, मे महिन्यात कोणाला सुटत नाही? माझा घाम गार होता, तर मला वाटलं, वा, कूलर आज चांगला लागू पडला. जबड्यात डाव्या बाजूला कळ यायला लागली तेव्हा मी खालच्या दाढेवर खापर फोडलं. ती दाढ मी दिवाळीच्या आधीच काढून टाकली होती. जागा रिकामी होती, पण आरोप करायला जागा पुरते.

आणि एवढं सगळं होत असताना मी काय करत होते? मी माझ्या थोरल्या जाऊबाईंची नक्कल करत होते.

जाऊबाईंविषयी सांगायलाच पाहिजे. माझे भासरे, म्हणजे आमच्या यांचे थोरले भाऊ, शेतात गेले. कपाशीत डवरणं, म्हणजे तुमची कोळपणी, चालू होतं. छातीत दाटून आलं म्हणून ते धुऱ्यावर, बांधाच्या गवतात, बसले. सोबतचे म्हणाले, ऊन लागलं. कोणी सोड्याची बाटली आणली, कोणी पाय चोळले, निंबाखाली खाटेवर जरा पडून राहा म्हणाले. भासरे पडून राहिले ते कायमचे. तेव्हापासून जाऊबाईंना ज्याच्या त्याच्या छातीत अटॅक दिसायला लागला. कोणी छातीला नुसता हात लावला, अगदी खिशात पेन आहे का बघायला, तरी या विचारणार, "काऊन रे, दुखते काय?" एका लग्नात तर नवरदेवाच्या मामाला उचकी लागली आणि घाम आला, तेवढ्यावर यांनी पंगतीतून त्याला उठवलं, गाडीत कोंबलं आणि सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं त्याला चूर्णाची पुडी देऊन परत पाठवलं. मामा जिलबीसाठी रुसला. पंगत खोळंबली. ती सगळी हकीकत मी नकलेसह करते, मामाच्या उचकीसकट, आणि लोक मला ती मुद्दाम करायला लावतात. जाऊबाई समोर असल्या तर त्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या. निदान मला तरी वाटायचं, की हसतात.

त्या दिवशी मी मामाची उचकी काढली आणि मध्येच मला दम लागला. बायकांना वाटलं तो नकलेतलाच भाग आहे. फार हसल्या. मी पोळपाटावर दोन्ही हात टेकून बसले आणि दम आवरायची वाट पाहत राहिले. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांचं लाटणं थांबलं होतं.

"काऊन व, तुह्या तोंडाचा रंग काऊन उडला?"

"पिठाचा हात लागला असन, बाई."

"अन् हात काऊन चोळून राह्यली?"

"सकायपासून लाटून राह्यली ना मी. दुखन नाई तं काय गाणं म्हनन?"

"लाटतं तं दोन्ही हातानं. दुखते एकच?"

"दुसराबी दुखते, पन तो बोलत नाई," मी म्हटलं. बायका पुन्हा हसल्या. माझ्या जिभेला त्या क्षणीसुद्धा धार होती, याचा मला नंतर आयसीयूत पडल्या पडल्या थोडा अभिमान वाटला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर त्या दिवशी दोन्हीच्या मधोमध उभी होती.

जाऊबाई उठून माझ्याजवळ आल्या. माझ्या कपाळाला हात लावला, मग मानेला. "गार पडली तू. उठ. दवाखान्यात चाल."

आता मला खरं काय वाटलं ते सांगते. आतून मला कुठंतरी वाटत होतं की हे बरं नाही. पण आत्ताच ज्या बाईची मी एवढी टर उडवली, तिच्याच मागं पदर खोचून दवाखान्यात जायचं, तिथं डॉक्टरनं चूर्णाची पुडी द्यायची, आणि उद्यापासून गल्लीनं मामाच्या उचकीऐवजी माझी नक्कल करायची? नाही बाप्पा. त्यापेक्षा छातीवरचं पोतं परवडलं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसली माझी जात.

"बाई, तुमी आता मले नका धरू," मी म्हटलं. "लाट्या खाल्ल्या म्हून गॅस झाला. एवढ्या लाट्या पडल्या हायेत. ह्या सुकल्या तं?"

मग गल्लीचं वैद्यकीय मंडळ बसलं. एक म्हणाली नस भरली, पाठ रगडून देते. एक ओवा-मीठ घेऊन आली. एकीनं बेंबीवर हिंग लावायचा सल्ला दिला. एकीनं तर आमच्या यांनाच फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. तिकडून कोर्टाच्या आवारातला गलका आणि त्यात यांचा आवाज, "लाट्या खाल्ल्या असतीन तिनं! दरसाली खाते. ओवा द्या अन् पडू द्या घडीभर." बुलढाण्याच्या घाटावर उभं राहून संग्रामपूरच्या छातीचं निदान झालं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आणि गंमत अशी की ज्या माणसाचं एकही म्हणणं मी लग्नापासून मान्य केलं नव्हतं, त्याचं हे एक म्हणणं मला एकदम पटलं.

"पाहा, ते काय म्हणून राह्यले," मी विजयानं म्हटलं.

"तो काय डाक्टर हाये?" जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नाही. "तवाबी असेच सारे सांगून राह्यले होते. पडू द्या घडीभर. चाल म्हनते ना मी!"

"बाई, लाट्या संपल्या का येते. तुमची शप्पथ. हे पाहा, थोड्याच राह्यल्या."

थोड्या नव्हत्या. परात भरलेली होती. जाऊबाईंनी परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्या कोपऱ्यात गेल्या, पिण्याच्या पाण्याची कळशी दोन्ही हातांनी उचलली, आणि सगळीच्या सगळी त्या परातीत ओतली.

लाट्या पाण्यात हलल्या, मग तळाशी बसल्या, मग पाणी पांढुरकं झालं. आमच्या भागात बायका एकमेकींच्या उरावर बसतात, वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पाण्याच्या नंबरावरून झिंज्या धरतात. पण कोणी कोणाच्या लाट्यांवर पाणी ओतल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्या पिठात माझा सकाळपासूनचा घाम होता, गारसुद्धा आणि गरमसुद्धा.

"आता लाटाव नाई लागत," जाऊबाई म्हणाल्या. "आता चाल."

मी भांडायला उठले. खरंच भांडायला उठले, दवाखान्यात जायला नाही. 'माह्या घरात येऊन' एवढं तोंडातून निघालं, आणि पुढचं वाक्य मला सापडेना. पाय खालून निघून गेले. मला कोणीतरी काखेत धरलं. तेव्हा, अगदी तेव्हा, मला भीती वाटली. लाट्यांची नाही, लोक काय म्हणतील याची नाही. मरणाची. माय वं, मी मरून राह्यली, असं मी मोठ्यानं म्हटलं असावं, कारण ओवा घेऊन आलेली बाई रडायला लागली.

गल्लीच्या तोंडाशी ऑटो होता. त्यात मला आडवी घातली. माझं डोकं जाऊबाईंच्या मांडीवर. हाताला पीठ, तेल, पायात चप्पल नाही. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला जाऊबाई ऑटोवाल्याला शिव्या घालत होत्या, अशा शिव्या की मला आश्चर्य वाटलं, ह्या एवढे दिवस कुठं ठेवल्या होत्या यांनी? तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या गेल्या त्यांनी दारातूनच ओरडून सांगितलं, "अटॅक हाये! पहिलं इकडं पाहा!" रांगेत बसलेले लोक मागं सरकले. मला त्याही स्थितीत लाज वाटली. आता जर हा गॅस निघाला तर मी कायमची मेले, असं माझ्या मनात आलं.

गॅस नव्हता. छातीला चिकटवलेल्या तारा तेलकट अंगावरून निसटत होत्या, नर्सनं दोनदा पुसून लावल्या. कागदाची पट्टी निघाली, ती डॉक्टरनं पाहिली, आणि मला गोळ्या चावून खायला सांगितल्या. मी विचारलं, "पान्याशिवाय?" डॉक्टर म्हणाला, "मावशी, चावा. अटॅक आहे." मी गुपचूप चावल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला दिलेल्या पदार्थाला मी नाव ठेवलं नाही. तोंड फिरवून जाऊबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, सांगून राह्यली होती ना मी? पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. पुढं अकोल्याला न्यायची गाडी किती वेळात येते, हे त्या कोणाला तरी दरडावून विचारत होत्या.

अकोल्याच्या वाटेवर मला अधूनमधून एवढंच आठवतं की मी देवाला वचनं देत होते. यापुढं कोणाच्या पापडाला नावं ठेवणार नाही, असंही एक वचन दिलं. ते मी पाळलेलं नाही. यांना फोन कोणी केला, ते बुलढाण्याहून कोर्टाची तारीख तशीच सोडून कसे धावले, हे मला मागाहून कळलं. शीर बंद झाली होती, ती उघडली, आत जाळी टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तेव्हा छातीवरचं पोतं कोणीतरी उचलून नेलेलं होतं. श्वास आत गेला, बाहेर आला. एवढी साधी गोष्ट, पण मला रडू आलं.

आमचे हे खाली औषधं आणायला गेले होते. जाऊबाई पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, अंगावर कालचंच लुगडं, त्यावर वाळलेलं पीठ. मी मनाची तयारी केली होती. आता ह्या बोलतील. बोलू दे. जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, वर सॉरी म्हणायचं, आणि नकलेचं दुकान बंद करायचं. तेवढ्यात डॉक्टर आले. तरुण पोरगा, डोळ्यांत झोप. माझे कागद पाहिले, नाडी पाहिली, आणि जाऊबाईंकडे वळून म्हणाले, "तुम्हीच आणलं ना मावशींना? बरं झालं, वेळेवर आणलं. घरी झोपवून ठेवलं असतं तर हाती लागल्या नसत्या."

मी जाऊबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं आनंद नव्हता.

"डाक्टरसाहेब, एक इचारू?" त्या म्हणाल्या. "आमच्या त्याइले असंच झालं होतं. वावरात. बसले, घाम आला, छातीत दाटलं म्हने. मंग सारे म्हनले पडू द्या. त्याइले लगेच आनलं असतं तं..."

डॉक्टरनं पेन खिशाला लावलं. "न पाहता कसं सांगू? पण लगेच आणलं असतं तर वाचायची शक्यता चांगली होती." असं म्हणून ते पुढच्या पलंगाकडे गेले. त्यांचा काय दोष, त्यांना विचारलं ते त्यांनी सांगितलं.

भासरे गेले तेव्हा घरात आम्ही सगळे जाऊबाईंना एकच सांगत होतो. नेलं असतं तरी उपयोग नव्हता. आयुष्याची दोरीच तेवढी. सासूबाई सांगायच्या, आमचे हे सांगायचे, मीही सांगायचे. बाईनं रात्रंदिवस तेच उगाळत बसू नये, तिला जगता यावं, म्हणून. त्यांनीही मान हलवून ते ऐकून घेतलं होतं, आणि आम्हाला वाटलं होतं की पटलं.

आता त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, पुन्हा तेच सांगावं. तुमचं नशीब, त्यांचं नशीब. जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण माझा श्वास नीट चालला होता, आणि तो त्यांच्यामुळं चालला होता.

"वाचले असते, बाई," मी म्हटलं. "आनलं असतं तं वाचले असते."

त्यांनी मान हलवली. "मले मालूम होतं व," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून मालूम होतं. पन कोनी म्हनतच नोतं. मले वाटे, मी एकलीच येडी भैताड झाली." आणि मग त्या रडायला लागल्या. भासरे गेले त्या दिवशी त्या रडल्या होत्या तसं नाही, चार लोकांत रडतात तसं नाही. तोंड उघडं टाकून, लहान लेकरासारख्या.

सिस्टर धावत आली. पेशंटजवळ असं रडायचं नाही, बाहेर घेऊन जा यांना, म्हणाली.

"रडू द्या सिस्टर," मी म्हटलं. "मले काई त्रास नाई."

सिस्टर पडदा ओढून गेली. मी सुई टोचलेला हात सांभाळून पलंगावर थोडी सरकले, त्यांना कडेला बसवलं. चहा येईपर्यंत त्या रडत होत्या, आणि मी त्यांचा हात धरून पडून होते.